एकाच झाडाची दोनशे वर्षं : कॉक्स ऑरेंज पिपिन

पुण्या-मुंबईच्या फळवाल्याकडे वर्षातले बरेच महिने ‘रॉयल गाला’ नावाचं सफरचंद दिसतं. मध्यम आकार, पिवळसर अंगावर लाल उभ्या रेघा आणि प्रत्येक फळावर छोटासा स्टिकर. बाहेरून आलेलं असल्यामुळे भाव जरा चढा, पण मुलं आवडीनं खातात म्हणून घेतलं जातं. या गालाची आजी इंग्लंडमधली. तिचं नाव कॉक्स ऑरेंज पिपिन. इंग्लंडात फळांची आवड असलेल्या जुन्या माणसांना सगळ्यात चांगलं सफरचंद कोणतं असं विचारलं, तर बहुतेक जण क्षणभरही न थांबता हेच नाव घेतील. आणि तरीही तिथल्या बाजारात गालानं आजीला मागं टाकलं आहे.

हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर आधी सफरचंदाची ‘जात’ म्हणजे नेमकं काय, हे पाहावं लागतं. ते एकदा कळलं की कॉक्सचे गुण, तिची दुखणी आणि तिचं मागं पडणं या तिन्ही गोष्टी आपोआप एका सूत्रात येतात.

कॉक्स हे ‘डेझर्ट ॲपल’ आहे. इंग्लंडात सफरचंदांचे कामाप्रमाणे सरळ गट पडतात. काही फक्त शिजवायची: ब्रॅम्लीसारखी मोठी, हिरवी, कच्ची खाल्ली तर दात आंबवणारी, पण पायमध्ये घातली की फुलून मऊ होणारी. काही दारूसाठी, म्हणजे सायडरसाठी. त्यांच्यात तुरटपणा इतका की तोंड गोळा होतं. आणि काही जेवण झाल्यावर सुरीनं फोडी करून, कधी चीजच्या तुकड्याबरोबर, नुसती खायची. ती डेझर्ट ॲपल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सधन घरांत या शेवटच्या गटाचं मोठंच वेड होतं. कोणत्या महिन्यात कोणती जात ऐन चवीला येते, हे लोकांना तोंडपाठ असे. आपल्याकडे आंब्याचा जाणकार पायरी कधी खायची आणि हापूस कधी, यावर ज्या अधिकारानं बोलतो, तसंच ते बोलत.

त्या वेडाच्या काळातच कॉक्स जन्माला आलं. रिचर्ड कॉक्स हा बिअर गाळण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला गृहस्थ लंडनच्या पश्चिमेला, स्लाउजवळच्या कोलनब्रुक गावात राहायला गेला आणि बागकामात रमला. सुमारे 1825 साली त्यानं सफरचंदाच्या काही बिया रुजवल्या. त्या रिब्स्टन पिपिन या यॉर्कशरच्या जुन्या नावाजलेल्या जातीच्या होत्या, असं परंपरेनं सांगितलं जातं. त्यांतून दोन रोपं नाव काढण्याजोगी निघाली. एक कॉक्सेस पोमोना, जी स्वयंपाकाला बरी होती. दुसरी कॉक्स ऑरेंज पिपिन. रिचर्ड कॉक्स 1845 मध्ये वारला. आपल्या बागेतल्या त्या रोपाचं पुढे काय होणार आहे, याची त्याला फारशी कल्पना आली नसणार. 1850 च्या दशकात स्लाउचा रोपवाटिकावाला चार्ल्स टर्नर यानं ही जात बाजारात आणली. 1857 च्या लंडनमधल्या मोठ्या फळप्रदर्शनानंतर तिचं नाव झालं आणि 1860 च्या दशकापासून तिच्या व्यापारी बागा उभ्या राहू लागल्या. आधी वूस्टरशरच्या इव्हशॅम खोऱ्यात आणि नंतर केंट परगण्यात. एक काळ असा आला की ब्रिटनमध्ये नुसत्या खाण्याच्या सफरचंदांखाली जेवढी जमीन होती, तिच्या निम्म्याहून अधिक जमिनीवर एकटं कॉक्स होतं.

बी पेरून जात मिळत नाही

एका बागेतल्या एका रोपापासून एवढ्या बागा कशा झाल्या? बिया पेरून नक्कीच नाही.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हापूसची बाठ पुरली तर तिच्यातून हापूस येत नाही, रायवळ येतो. कधी आंबट, कधी धाग्याचा, कधी नशिबानं गोड. हापूस हवा असेल तर हापूसच्या झाडाची काडी आणून दुसऱ्या रोपावर कलम बांधायचं. सफरचंदाचं अगदी हेच आहे. फळ आईचं, पण आतली प्रत्येक बी हे वेगळं अपत्य. सफरचंद आडवं कापलं की मधोमध पाच कप्प्यांची चांदणी दिसते. प्रत्येक कप्प्यात साधारण दोन बिया. या आठ-दहा बियांतली प्रत्येक बी निराळी, कारण प्रत्येकीत आईच्या आणि परागकण देणाऱ्या बापाच्या गुणांची वाटणी निराळी झालेली असते. त्या सगळ्या पेरल्या तर आठ-दहा तऱ्हांची झाडं येतील आणि बहुतेकांची फळं बारीक, आंबट किंवा बेचव निघतील. नवी जात शोधणारे संशोधक हजारो रोपं वाढवतात आणि त्यातून एखादंच ठेवण्यासारखं निघतं. रिचर्ड कॉक्सनं पेरलेल्या मोजक्या बियांतून हे झाड यावं हा निव्वळ योग होता आणि तो पुन्हा घडवून आणता येत नाही.

म्हणून एकदा असं झाड मिळालं की त्याचीच फांदी पुढे चालवायची. पद्धत अशी. ऐन थंडीत, झाड झोपलेलं असताना, मागच्या वर्षी वाढलेल्या फांदीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या कापून ओलसर आणि थंड जागी ठेवतात. हिवाळा सरता सरता, खुंटाच्या (म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपाच्या) मुळांत जीव येऊ लागला की खुंट आणि काडी दोन्हीला एकसारखा लांब तिरका काप देतात. त्या तिरक्या कापात आणखी एक छोटी खाच मारतात, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत अडकून बसतात. खरी कसोटी सालीखालच्या हिरव्या, निसरड्या पातळ थराची. वाढ त्याच थरातून होते. खुंटाचा हिरवा थर काडीच्या हिरव्या थराला किमान एका बाजूनं तरी नेमका टेकला पाहिजे. मग पट्टी घट्ट गुंडाळायची आणि उघडी टोकं मेणानं बंद करायची. काही आठवड्यांत काडीवरचे डोळे फुगले की कलम लागलं. खुंट पाणी आणि अन्न पुरवतो, झाड किती उंच होणार हेही बऱ्याच अंशी तोच ठरवतो. पण वर येणारं फळ काडीचं.

खुंटाची ही बाजू शास्त्रशुद्धपणे लावून धरण्याचं मोठं काम केंटमधल्या ईस्ट मॉलिंग इथल्या संशोधन केंद्रानं केलं. ते 1913 मध्ये सुरू झालं. त्यांच्या ‘एम 9’ या खुंटावर सफरचंदाचं झाड माणसाच्या उंचीच्या थोडं वर जाऊन थांबतं आणि लवकर फळ देतं. हिमाचलच्या नव्या दाट लागवडीच्या बागांतही हे मॉलिंगचे खुंट वापरले जातात.

याचा अर्थ नीट मनावर घेण्यासारखा आहे. आज इंग्लंड, नेदरलँड्स, जर्मनी किंवा न्यूझीलंडमध्ये कॉक्सचं जे कोणतं झाड उभं असेल, ते कोलनब्रुकच्या त्या झाडाचं वंशज नाही. ते तेच झाड आहे. काडीवरून काडी, दोनशे वर्षं. मूळ बुंधा 1911 च्या वादळात पडल्याची नोंद आहे, पण तोवर त्याच्या फांद्या लाखो मुळांवर उभ्या होत्या. जुन्या जातींना ‘वारसा’ म्हणतात ते मला अशासाठी पटतं, की कुणीतरी दर पिढीत हातात चाकू घेऊन काडी पुढे दिली नाही, तर ती जात संपते. धान्यासारखं बियाणं डब्यात भरून ती जपता येत नाही.

अधूनमधून एखाद्या फांदीवर निसर्ग छोटा बदल करतो. अख्ख्या झाडाची फळं फिकट आणि एका फांदीची मात्र गर्द लाल, असं होतं. माळ्याची नजर तयार असेल तर तो त्याच फांदीची कलमं बांधतो. क्वीन कॉक्स, चेरी कॉक्स ही नावं अशी आली. फळ दिसायला जास्त लाल, बाकी स्वभाव कॉक्सचाच.

फळ हातात घेतल्यावर

दिसण्यात कॉक्स पहिला नंबर काढणार नाही. आकार बेताचा, रुंदी साधारण 6 ते 7 सेंटीमीटर. मूळ रंग हिरवट-पिवळा, त्यावर नारिंगी छटा, उन्हाच्या बाजूला विटकरी लाल रेघा. देठाजवळ आणि कधी कधी अंगभर तपकिरी, खरखरीत चट्टे. हे चट्टे म्हणजे रोग नव्हे. फळ अगदी लहान असताना थंडी-पावसानं सालीवरच्या मेणचट थराला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांखाली झाड बुचासारखा थर तयार करून जखम झाकतं. त्याला रसेटिंग म्हणतात. गिऱ्हाइकाला तो डाग वाटतो. जाणकार मात्र त्यामुळे फळ बाजूला टाकत नाहीत.

पूर्ण पिकलेलं कॉक्स कानाजवळ धरून हलवलं की आतल्या बिया खुळखुळतात. या जातीची ही जुनी खूण आहे. कापल्यावर गर मलईच्या रंगाचा, बारीक दाण्याचा, करकरीत पण गालासारखा कडक नाही. रस भरपूर. आणि चव... इथे सगळे हात टेकतात आणि दुसऱ्या फळांची नावं घेऊ लागतात. कुणाला पेअर आठवतं, कुणाला संत्रं, कुणाला खरबूज, कुणाला चक्क आंबा.

हे नुसतं कौतुक नाही, त्यामागे रसायनं आहेत. जिभेला फळाची साखर आणि आंबटपणा कळतो. सफरचंदातला आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा. बाजारातल्या अनेक नव्या जातींत आम्ल कमी ठेवलेलं असतं, म्हणून त्या ‘गोड’ लागतात पण दोन घासांत कंटाळा येतो. कॉक्समध्ये साखरही चांगली आणि आम्लही ठळक, त्यामुळे गोडीला धार येते. बाकीची चव, म्हणजे खरं तर वास, नाकाच्या मागच्या बाजूनं कळतो आणि तो एस्टर नावाच्या हवेत सहज उडणाऱ्या संयुगांचा असतो. सफरचंदाच्या वासात अशी डझनावारी संयुगं असतात. कुठलं किती, यावर जातीची ओळख ठरते. कॉक्सच्या बाबतीत आणखी एक खास घटक आहे. तिच्या वासाला हलकी मसालेदार, बडीशेपेसारखी झाक असते. 1970 च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी ती झाक देणारं संयुग शोधून काढलं. त्याला एस्ट्रॅगोल म्हणतात आणि ते बडीशेप आणि तुळस या दोन्हींत सापडतं. म्हणजे कॉक्स खाताना कुणाला बडीशेपेची आठवण झाली, तर नाक अगदी बरोबर सांगत असतं.

हा वास झाडावर पूर्ण तयार होत नाही. सफरचंद हे आंब्या-केळ्यासारखं, तोडल्यावरही पिकत राहणारं फळ आहे. ते स्वतः इथिलीन वायू सोडतं आणि त्यानं पिकण्याची क्रिया वेग घेते: स्टार्चची साखर होते, आम्ल थोडं उतरतं, एस्टर वाढतात. तोडणीची वेळ ठरवायला बागायतदार एक साधी चाचणी करतात. फळ आडवं कापून कापलेला भाग आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा. जिथे स्टार्च आहे तिथे गर निळा-काळा होतो. कच्चं फळ जवळजवळ सगळंच काळं पडतं. पिकत चाललेल्या फळात मधली चांदणी आणि तिच्या भोवतीचा भाग पांढरा राहतो आणि काळा रंग सालीच्या कडेला सरकलेला दिसतो. साठवायचं फळ थोडं आधी तोडतात, लगेच विकायचं थोडं उशिरा. दक्षिण इंग्लंडात कॉक्सची तोडणी साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात होते, पण चव भरते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. साध्या थंड खोलीत ठेवलेलं फळ नाताळापर्यंत, फार तर जानेवारीपर्यंत चांगलं राहतं. नंतर गर मऊ आणि भुसभुशीत होतो.

नाजूकपणाची किंमत

आता दुखणी. कॉक्स लावणाऱ्या माळ्याला विचारलं तर तो चवीआधी त्यांचंच गाऱ्हाणं सांगेल.

पहिलं दुखणं स्कॅब. हा बुरशीचा रोग पावसाळी हवेत पानांवर आणि फळांवर काळपट, खडबडीत चट्टे आणतो. ही बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतात ओल्या हवेबरोबर नवे बीजाणू सोडते. हिवाळ्यात त्या पानांतच तिचं लैंगिक प्रजनन होतं, म्हणजे दर वर्षी तिच्यात गुणांची नवी सरमिसळ होते. समोर कॉक्स मात्र 1825 सालचं तेच झाड. शत्रू दर वर्षी नवी चाल शिकतोय आणि झाडाला स्वतःत काही बदल करण्याची सोयच नाही. कलमानं टिकवलेल्या कोणत्याही जुन्या जातीची ही मूळ अडचण आहे. जुन्या जाती ‘काटक’ असतात असं सरसकट म्हणतात, ते म्हणूनच मला पटत नाही. काही असतात. कॉक्स नाही. भुरी रोग तिला होतो, आणि निचरा नसलेल्या जड, ओल्या जमिनीत फांद्यांची साल फाडून खोल जखमा करणारा कँकरही होतो. कॅल्शियम कमी पडलं तर गरात तपकिरी कडू ठिपके येतात. उत्तर इंग्लंडाची थंड, ओली हवा तिला मानवत नाही आणि फार उष्ण उन्हाळाही नाही. केंटसारखा तुलनेनं कोरडा, सौम्य हवेचा, पाण्याचा निचरा होणारा पट्टा तिला लागतो. त्यामुळे अमेरिकेच्या बऱ्याच भागात ती कधी रुजलीच नाही.

फळधारणेचीही एक गंमत आहे. कॉक्सच्या फुलावर कॉक्सचाच पराग पडला तर बहुधा फळ धरत नाही. फुलाच्या मधल्या नळीत ओळख पटवणारी प्रथिनं असतात. आलेला पराग आपल्याच गुणांचा आहे हे कळलं की ती त्याची वाढ वाटेतच थांबवतात. आप्तांत संकर होऊ नये म्हणून निसर्गानं केलेली ही व्यवस्था. अख्खी बाग कॉक्सची असली तरी फरक पडत नाही, कारण सगळी झाडं म्हणजे एकच झाड. म्हणून मध्येमध्ये त्याच सुमाराला फुलणाऱ्या दुसऱ्या जाती लावतात, जेम्स ग्रीव्ह त्यातली एक. घरच्या बागेत लोक हौसेनं खायला कॉक्स आणि शिजवायला ब्रॅम्ली लावतात, आणि तिथे फसगत होते. ब्रॅम्लीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यानं तिचा पराग जवळजवळ निकामी असतो. कॉक्समुळे ब्रॅम्लीला फळं धरतात आणि कॉक्स रिकामं राहतं. तिसरं झाड लागतंच. पुढे ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात किरणांचा मारा करून स्वतःच्या परागानं फळ धरणारं कॉक्सही तयार केलं गेलं. घरच्या छोट्या बागेला ते सोयीचं पडतं.

साठवणीतही तिचे नखरे आहेत. अनेक सफरचंदं शून्य अंशाच्या आसपास खुशाल राहतात. कॉक्स 3 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की आतून तपकिरी पडू लागतं. म्हणून तिला 3 ते 3.5 अंशांवर ठेवतात आणि गोदामातला ऑक्सिजन एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरवतात, म्हणजे फळाचा श्वास मंदावतो. हवा बदलून फळ साठवण्याचं हे तंत्र केंब्रिजच्या फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी 1920 च्या दशकात विकसित केलं. आज जगभर सफरचंद बारा महिने मिळतं ते याच्या जोरावर. पण श्वास मंदावला की वासाची संयुगं तयार होणंही मंदावतं. मार्च-एप्रिलमध्ये गोदामातून काढलेलं कॉक्स दिसतं ठीक, चावायला करकरीत, पण त्यातला तो वास हरवलेला असतो. ‘कॉक्स कॉक्स म्हणतात ते हेच का?’ असं म्हणून निराश झालेले लोक बहुधा अशा फळाला भेटलेले असतात.

मग 1973 साली ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेलं आणि फ्रान्सची गोल्डन डिलिशस मोठ्या प्रमाणावर तिथल्या दुकानांत आली. एकसारखी, स्वच्छ सालीची, स्वस्त. झाडामागे उत्पन्नही जास्त. सुपरमार्केटला हवा असतो एका मापाचा, बिनडागी, आठवडाभर मांडणीवर टिकणारा माल. कॉक्सचा बुटका आकार आणि तपकिरी चट्टे त्या चाळणीतून खाली पडले. अनेक जुन्या बागा उपटल्या गेल्या. त्याबद्दल मला वाईट वाटतं, आणि दोष शेतकऱ्याला देता येत नाही. जास्त फवारण्या, कमी पीक आणि वर पुन्हा कमी भाव, असं पीक कोण किती दिवस धरून ठेवेल?

न्यूझीलंडमधली नात

ज्या गालानं कॉक्सची जागा घेतली, ती घडवली न्यूझीलंडच्या जेम्स हटन किड या बागायतदारानं. साठवणीवाले किड वेगळे, हे वेगळे. ग्रेटाउन गावात त्यांची बाग होती. इंग्लिश सफरचंदांत चव आहे आणि अमेरिकन सफरचंदांत देखणेपणा आणि पीक आहे. दोन्ही एका झाडात आणता येतील का, हा त्यांचा ध्यास. त्यांनी डिलिशस आणि कॉक्स यांचा संकर केला आणि 1920 च्या दशकात ‘किड्स ऑरेंज रेड’ ही जात दिली. ती आजही जाणकारांची लाडकी आहे. मग 1934 मध्ये याच जातीचा गोल्डन डिलिशसशी संकर केला. त्यातलं एक रोप म्हणजे गाला. ती बागायतदारांच्या हाती पडली 1960 च्या दशकात. ते पाहायला किड हयात नव्हते. रॉयल गाला ही गालाच्याच एका जास्त लाल फांदीतून निवडलेली.

गालात कॉक्सचा वाटा साधारण चौथाईचा. रेघांचा नारिंगी-लाल पोत आणि गोडीमागची हलकी सुगंधी छटा यांत आजी थोडीफार ओळखू येते. आंबटपणाची धार मात्र बरीचशी गेली. गाला उष्ण हवेतही चांगली येते, भरपूर धरते, टिकते. जर्मनी-नेदरलँड्समध्ये लोकप्रिय असलेली एल्स्टार आणि स्वित्झर्लंडची रुबिनेट यांच्या कुळातही कॉक्स आहे. जगातल्या चविष्ट सफरचंदांची वंशावळ काढली तर हे नाव वारंवार येतं. पैदास करणारे तिला अजूनही वापरतात ते याच कारणानं: रोगांशी लढायचे गुण दुसरीकडून घेता येतात, पण अशी चव देणारे आई-बाप फार थोडे.

भारतातही या कुळानं पाऊल टाकलं होतं. 1870 च्या सुमारास कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्यानं कुलू खोऱ्यात बंदरोल इथे इंग्लंडहून आणलेल्या सफरचंदांची बाग लावली. काश्मीरसाठी शिफारस केलेल्या जातींच्या जुन्या याद्यांतही कॉक्स ऑरेंज पिपिन हे नाव आढळतं. पण इंग्लिश पिपिनांचा आंबटपणा इथल्या गिऱ्हाइकाला रुचला नाही. कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसानं 1916 च्या सुमारास डिलिशसची झाडं आणली. हेच पुढे सत्यानंद स्टोक्स झाले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. लालभडक आणि निव्वळ गोड डिलिशसनं हिमाचलच्या डोंगरउतारांचं अर्थकारण बदलून टाकलं. काश्मीरची स्वतःची जुनी सुवासिक अंबरी याच डिलिशसपुढे मागं हटली. तिचा आणि रेड डिलिशसचा संकर करून लाल अंबरी काढण्यात आली, तो किड यांच्यासारखाच प्रयत्न म्हणायचा.

‘आपल्याकडे लावता येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. महाराष्ट्रात नाही. सफरचंदाच्या डोळ्यांना हिवाळ्यात ठरावीक तास सुमारे 7 अंशांखालची थंडी मिळाली तरच ते वसंतात नीट फुटतात. जुन्या युरोपीय जातींना ही थंडी साधारण हजार तासांच्या घरात लागते. नाशिक-नगरकडे काही शेतकऱ्यांनी सफरचंद लावलं आहे, ते एचआरएमएन-99 सारख्या अगदी कमी थंडीत फुलणाऱ्या जातींचं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र कॉक्स आजही सहज गाठता येतं. केंटमध्ये फॅव्हरशॅमजवळ ब्रॉगडेल इथे राष्ट्रीय फळसंग्रह आहे. सफरचंदाच्या 2,000 हून जास्त जाती तिथे जिवंत झाडांच्या रूपात उभ्या आहेत, कारण बी साठवून जात जपता येत नाही. 1990 पासून 21 ऑक्टोबरच्या आसपास ठिकठिकाणी ‘ॲपल डे’ साजरा होतो, तिथे जुन्या जाती चाखायला मिळतात. विकत घ्यायचं तर सुपरमार्केटपेक्षा बागेजवळच्या शेतमाल दुकानातून, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. चकचकीत लाल फळ शोधत बसू नका. लालीखालचा हिरवा रंग पिवळ्याकडे झुकलेला हवा. फळ कडक वाटलं तर आठ-दहा दिवस थंड खोलीत, केळ्यांपासून लांब ठेवा. आणि खायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा, कारण थंडगार फळातून वास उडत नाही.